इंदुताई पाटणकर: प्रतिसरकारला शस्त्रं पोचवणारी मुलगी आणि कासेगावचं सत्तर वर्षं उघडं राहिलेलं घर

सातारच्या प्रतिसरकारचा विषय निघाला की क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही नावं पटापट समोर येतात. शेणोलीजवळ अडवलेली रेल्वे, धुळ्याकडचा खजिना, तुफान सेना हे किस्सेही बऱ्याच जणांना माहीत असतात.

पण एक साधा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. पोलीस मागावर असताना ही माणसं वर्षानुवर्षं राहिली कुठे? जेवली कुठे? बैठका कुणाच्या घरात झाल्या?

याचं उत्तर शोधायला गेलं की सातारा-सांगलीतल्या बायकांची नावं सापडायला लागतात. त्यातलं एक महत्त्वाचं नाव म्हणजे इंदुमती बाबूजी पाटणकर. सगळे त्यांना इंदुताई म्हणायचे. सोळाव्या वर्षी त्यांनी चळवळीसाठी घर सोडलं, भूमिगतांपर्यंत शस्त्रं पोचवली, विसाव्या वर्षी एका भूमिगत पुढाऱ्याशी लग्न केलं आणि त्यानंतर सत्तर वर्षं वाळवा तालुक्यातल्या कासेगावात आपलं घर चळवळीसाठी उघडं ठेवलं.

क्रांतीला घर लागतं

मराठीत सलून म्हटलं की न्हाव्याचं दुकान डोळ्यासमोर येतं. हा शब्द मूळचा फ्रेंच. तिकडे त्याचा अर्थ दिवाणखाना, बैठकीची खोली. अठराव्या शतकातल्या पॅरिसमध्ये शिकलेल्या, सधन घरातल्या बायका ठरलेल्या दिवशी आपल्या दिवाणखान्यात लेखक, विचारवंत आणि पुढाऱ्यांना बोलवायच्या. तिथे पुस्तकांवर बोलणं व्हायचं आणि राजकारणही शिजायचं.

१७८९ च्या राज्यक्रांतीनंतर या दिवाणखान्यांचं महत्त्व आणखी वाढलं. मादाम रोलां हे त्यातलं गाजलेलं नाव. १७९१ मध्ये त्यांच्या पॅरिसमधल्या बिऱ्हाडी ब्रिसो, पेतियों, रोबेस्पिएर यांच्यासारखे पुढारी जमायचे. पुढे त्यांचे पती गृहमंत्री झाले आणि कारभाराची कितीतरी पत्रं बाई स्वतः लिहू लागल्या. क्रांतीतल्या गटांची आपसात जुंपली तेव्हा त्यांना अटक झाली आणि ८ नोव्हेंबर १७९३ ला गिलोटिनखाली त्यांचा शिरच्छेद झाला. क्रांती घडवणारे ज्यांच्या घरी बसायचे, त्या बाईला त्या क्रांतीने मताचा अधिकार मात्र दिला नव्हता. फ्रान्समधल्या बायकांना तो मिळायला १९४४ साल उजाडावं लागलं.

त्याच १९४४ च्या आसपास इकडे कृष्णाकाठच्या गावांमध्ये वेगळ्याच प्रकारचे दिवाणखाने चालू होते. तिथे झुंबरं नव्हती आणि गालिचेही नव्हते. शेणाने सारवलेलं माजघर, घोंगडी आणि चुलीवरच्या भाकरी एवढाच सरंजाम. पण काम तेच होतं. माणसं एकत्र बसायची, निरोप पोचायचे, निर्णय व्हायचे. फरक इतकाच की इथे पाहुण्याच्या मागोमाग पोलीसही दारात येऊ शकत होते.

इंदोलीची निकमांची मुलगी

इंदुताईंचा जन्म १५ सप्टेंबर १९२५ चा. माहेर सातारा जिल्ह्यातल्या कराड तालुक्यातलं इंदोली. वडील दिनकरराव निकम. १९३० च्या सत्याग्रहापासून ते स्वातंत्र्य चळवळीत होते आणि त्यासाठी तुरुंगातही गेले. तिथे त्यांची डाव्या विचारांच्या कार्यकर्त्यांशी ओळख झाली. देश स्वतंत्र व्हायला हवा आणि त्याबरोबर कष्ट करणाऱ्याच्या पोटाचा प्रश्नही सुटायला हवा, हा विचार त्यामुळे निकमांच्या घरात आधीच आलेला होता.

अशा घरात वाढलेल्या इंदुताई दहा-बारा वर्षांच्या असतानाच क्रांतिकारकांची चरित्रं वाचू लागल्या. गावात निघणाऱ्या प्रभात फेऱ्यांमध्ये त्या जायच्या. १९४१ मध्ये राष्ट्र सेवा दलाची नव्याने बांधणी झाली आणि सातारा जिल्ह्यात गावोगाव शाखा सुरू झाल्या. जातीपाती न मानता मुलामुलींनी एकत्र यायचं, गाणी म्हणायची, कवायत करायची, देशाचं बोलायचं असं तिथलं वातावरण होतं. पुढे प्रतिसरकारला जे कार्यकर्ते मिळाले त्यातले पुष्कळ या शाखांमधून तयार झालेले होते.

१९४२ चा सप्टेंबर

ऑगस्ट १९४२ मध्ये 'चले जाव'ची हाक आली आणि मोठे पुढारी रातोरात तुरुंगात गेले. सातारा जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे काढायचे ठरवले. त्या वेळी आजचा सांगली जिल्हा साताऱ्याचाच भाग होता. तो १९४९ मध्ये दक्षिण सातारा म्हणून वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. त्यामुळे जुन्या गोष्टींत 'सातारा' म्हटलं की तासगाव, वाळवा, शिराळा हेही त्यात धरायचे.

३ सप्टेंबरला तासगावचा मोर्चा शांततेत पार पडला. कचेरीवर तिरंगा लागला. पण ९ सप्टेंबरला वडूजला आणि १० सप्टेंबरला इस्लामपूरला पोलिसांनी गोळीबार केला. वडूजला परशुराम घार्गे आणि त्यांच्या सोबतचे लोक हुतात्मा झाले. इस्लामपुरात पंड्या आणि विष्णू बारपटे यांचा बळी गेला.

या दोन दिवसांनी जिल्ह्यातल्या चळवळीची दिशा बदलली. निःशस्त्र मोर्चा नेला की गोळ्या मिळतात हे कळल्यावर कार्यकर्ते भूमिगत झाले.

याच वर्षी इंदुताईंनी घर सोडलं. वय सोळा-सतराच्या मध्ये. गावाकडच्या मुलीचं या वयात लग्न उरकलेलं असायचं, त्या काळातली ही गोष्ट आहे. सुरुवातीला त्यांनी बायकांना संघटित करण्याचं आणि सेवा दलाचं काम केलं. हळूहळू त्या भूमिगतांच्या सशस्त्र फळीशी जोडल्या गेल्या. भूमिगत कार्यकर्त्यांपर्यंत शस्त्रं पोचवण्याची जबाबदारी त्यांच्याकडे आली.

या कामाला बाईमाणूस सोयीचं का, याचं एक कारण तेव्हाच्या कायद्यात होतं. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची, तीही तिची अब्रू सांभाळून. खेड्यापाड्यांतल्या नाक्यावर झडतीसाठी बाई आणायची कुठून? म्हणून बाई बऱ्याचदा विनाझडती पुढे जाऊ शकायची. पण पकडली गेली असती तर शस्त्रं बाळगल्याचा गुन्हा तिच्यावरही पुरुषासारखाच लागला असता.

प्रतिसरकार म्हणजे नेमकं काय?

१९४३ पासून १९४६ पर्यंत सातारा जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत इंग्रजांचा कारभार कागदावर राहिला आणि खरा कारभार भूमिगतांच्या हातात गेला. त्यालाच प्रतिसरकार म्हणतात. नाना पाटील हे त्याचं सर्वांत मोठं नाव. तुफान सेना हे सशस्त्र दल. कुंडल हे मुख्य केंद्र.

कुंडल औंध संस्थानात होतं हे इथे लक्षात ठेवण्यासारखं आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ मध्येच आपल्या प्रजेला स्वराज्याची राज्यघटना दिली होती. संस्थानाची गावं ब्रिटिश मुलखात विखुरलेली होती. एका शिवारात इंग्रजांचा अंमल, तर शेजारच्या शिवारात संस्थानाचा. भूमिगतांना याचा मोठा फायदा झाला.

प्रतिसरकार गावातल्या भांडणांचे न्यायनिवाडे करायचं. सावकारी, दारू, गुंडगिरी आणि बायकांवरचे अत्याचार यांना आळा घालायचं. लग्नात कर्ज काढून जेवणावळी घालू नयेत म्हणून कमी खर्चाचे 'गांधी विवाह' लावले जायचे. गुन्हेगाराला किंवा खबऱ्याला तळपायावर काठीने फोडून काढायची शिक्षा असायची. त्यावरून लोकांच्या तोंडी प्रतिसरकारचं 'पत्री सरकार' झालं. बैलाच्या किंवा घोड्याच्या पायाला ठोकतात ती पत्री.

७ जून १९४३ ला शेणोलीजवळ पगाराचे पैसे घेऊन जाणारी रेल्वे अडवली गेली. १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यातल्या चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला. या मोहिमांच्या गोष्टी रंगवून सांगितल्या जातात. पण एका दिवसाच्या मोहिमेआधी आणि नंतर कित्येक महिन्यांचं लपणं असायचं. एवढ्या माणसांना गाव बदलत, घर बदलत, रात्री चालत दिवस काढायचे होते. प्रत्येक मुक्कामाला एक घर लागायचं आणि त्या घरात एक बाई जागी असावी लागायची.

भाकरी देणं हाही गुन्हा होता

भूमिगताला जेवू घालणं म्हणजे घरची माया, असं आज वाटतं. कायद्याच्या नजरेत तो सरळ गुन्हा होता.

भारतीय दंड संहितेचं कलम २१२ गुन्हेगाराला आसरा देण्याबद्दल होतं. मूळ गुन्हा देहदंडाचा असेल तर आसरा देणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद. कलम २१६ तुरुंगातून पळालेल्या किंवा ज्याच्या अटकेचा हुकूम निघालाय अशा माणसाला लपवण्याबद्दल. तिथे शिक्षा सात वर्षांपर्यंत जायची.

आसरा म्हणजे काय? ते कलम ५२-अ मध्ये लिहिलेलं होतं आणि हे कलम १९४२ मध्येच संहितेत जोडलं गेलं. निवारा, अन्न, पाणी, पैसे, कपडे, शस्त्रं, दारूगोळा किंवा वाहन पुरवणं हे सगळं त्यात येतं. म्हणजे बंदूक देणं आणि भाकरी देणं एकाच यादीत.

या कलमांमध्ये एक सूट होती. नवऱ्याने बायकोला किंवा बायकोने नवऱ्याला आसरा दिला तर तो गुन्हा नाही. पण रात्री दार ठोठावणारा माणूस आपला नवरा क्वचितच असायचा. तो दुसऱ्या गावचा, दुसऱ्या जातीचा, कधी नावही माहीत नसलेला कार्यकर्ता असायचा. त्याच्यासाठी चूल पेटवणाऱ्या बाईला कायद्याची सूट लागू नव्हती.

शिवाय धोका एका घरापुरता नव्हता. १९४२ मध्ये सरकारने सामूहिक दंडाचा वटहुकूम काढला होता. गावाने मदत केल्याचा संशय आला तर अख्ख्या गावाकडून दंड वसूल व्हायचा. त्यात महायुद्धामुळे धान्याची टंचाई. घरच्यांच्या ताटातलंच पाहुण्याला द्यायचं आणि शेजाऱ्यालाही कळू द्यायचं नाही, असा तो काळ होता.

या वाटेवरच्या आणखी बायका

इंदुताई एकट्या नव्हत्या. नाना पाटलांची मुलगी हौसाताई पाटील त्यांच्याच पिढीतल्या. आई लहानपणीच गेलेली, वडील भूमिगत. सरकारने नानांचं घर आणि जमीन जप्त केली, तेव्हा आजीने मोलमजुरी करून नातीला वाढवलं. पुढे हौसाताई स्वतः चळवळीत उतरल्या. पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या मारहाणीचं नाटक करून त्यांनी पोलिसांना गुंतवून ठेवलं आणि तेवढ्यात सहकाऱ्यांनी आतली शस्त्रं पळवली. पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या गोव्यात जाऊन तिथल्या तुरुंगातल्या सहकाऱ्यापर्यंत त्यांनी निरोप पोचवला आणि परतताना रात्रीच्या अंधारात मांडवी नदी पार केली. २३ सप्टेंबर २०२१ ला, पंचाण्णवाव्या वर्षी त्या गेल्या.

वाळव्याच्या नागनाथअण्णांच्या आई लक्ष्मीबाई, राजमती बिरनाळे, खानदेशातून येऊन या कामात सामील झालेल्या लीलाताई पाटील अशी आणखीही नावं आहेत. यातली काही स्वतः हत्यार चालवायला शिकली, काही तुरुंगात गेली, काहींनी घर सांभाळलं. बऱ्याच जणींनी हे सगळं एकाच आयुष्यात केलं. इंदुताई त्यातल्याच.

लग्न आणि शाळा

१ जानेवारी १९४६ ला इंदुताईंचं बाबूजी पाटणकरांशी लग्न झालं. बाबूजी कासेगावचे. प्रतिसरकारची भूमिगत बांधणी उभी करणाऱ्या प्रमुख कार्यकर्त्यांमध्ये त्यांची गणना होते. हे कासेगाव आज पुणे-बंगळूर महामार्गावर, कराड आणि इस्लामपूरच्या मधे लागतं.

दोघंही कार्यकर्ते असलेलं हे जोडपं होतं. पत्नीने घर बघायचं आणि पतीने देश, अशी वाटणी तिथे चालणार नव्हती. कासेगावात हायस्कूल असावं म्हणून धडपड सुरू झाली. आझाद विद्यालयाच्या उभारणीत बाबूजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर इंदुताईही होत्या. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांच्या मुलांना शिकायला कराड-साताऱ्याला जावं लागायचं. ते थांबावं हा हेतू होता. शाळेचं नावच 'आझाद' ठेवणं हेही त्या दिवसांना धरून होतं.

१९४७ ला स्वातंत्र्य आलं. प्रतिसरकारातले कार्यकर्ते वेगवेगळ्या वाटांनी गेले. यशवंतराव चव्हाण, वसंतदादा पाटील, किसन वीर काँग्रेसमध्ये राहिले. नाना पाटील आधी शेतकरी कामगार पक्षात आणि पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९५७ मध्ये ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. बाबूजी आणि इंदुताई समाजवाद्यांबरोबर होते. त्या पक्षात फूट पडली तेव्हा ते अरुणा असफ अली यांच्या डाव्या समाजवादी गटाबरोबर गेले आणि तिथून पुढे कम्युनिस्ट पक्षाकडे वळले.

राज्य बदललं तरी कूळ, मजूर, पाणी, सावकारी हे प्रश्न जागच्या जागी होते. त्यामुळे या घरातली माणसांची वर्दळ थांबली नाही.

१९५२: ज्या वर्षी दार बंद होऊ शकलं असतं

१९५२ मध्ये बाबूजींचा खून झाला.

इंग्रजांच्या काळात वर्षानुवर्षं भूमिगत राहून वाचलेला माणूस स्वतंत्र देशात मारला गेला. स्वातंत्र्यानंतर गावोगाव सत्तेसाठी नवे गट उभे राहिले होते. जुने हिशेब, नवे हितसंबंध आणि गुंडगिरी यांची सरमिसळ झाली होती. प्रतिसरकारने ज्या गोष्टींवर वचक बसवला होता त्यांनी पुन्हा डोकं वर काढलं होतं.

इंदुताई तेव्हा सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या किंवा जेमतेम झालेल्या. मुलगा भारत अगदी लहान. माहेरी परत जावं, मुलाला घेऊन शांत राहावं, राजकारणाचं नाव काढू नये, असं त्यांनी केलं असतं तर कुणी बोल लावला नसता. नवऱ्याचा खून झाल्यावर त्याच्याच गावात राहून तेच काम चालू ठेवणं ही साधी गोष्ट नव्हती.

त्या कासेगावातच राहिल्या. सासूबाईंच्या साथीने त्यांनी मुलाला वाढवलं आणि चळवळीशी असलेला संबंध तुटू दिला नाही. सासू आणि सून, दोघी एकाच दुःखातल्या, एकीचा मुलगा गेलेला आणि एकीचा नवरा. या दोन बायकांनी ते घर उभं ठेवलं. प्रतिसरकारच्या इतिहासात हे पान सहसा येत नाही, कारण तो इतिहास १९४६ ला संपतो. इंदुताईंच्या बाबतीत मात्र कसोटी त्यानंतर लागली.

नव्या पिढीची बैठक त्याच घरात

भारत पाटणकर डॉक्टर झाले आणि दवाखाना थाटण्याऐवजी पूर्णवेळ कार्यकर्ते झाले. १९८० मध्ये श्रमिक मुक्ती दल स्थापन झालं. धरणग्रस्तांचं पुनर्वसन, दुष्काळी भागाला पाणी, पाण्याचं समन्यायी वाटप हे त्याचे प्रमुख विषय. या सगळ्याचा पत्ता कासेगावचाच राहिला.

१८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. त्यातले पुष्कळ सातारा-सांगलीचे. संप लांबला तसे ते गावाकडे परतले आणि गावाकडे दुष्काळ होता. यातून खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळ वाढली. येरळा नदीवर बळवडीजवळ लोकांनी स्वतःच्या बळावर बळीराजा धरण बांधलं ते याच चळवळीतून. नदीतल्या वाळूवर गावाचा हक्क सांगायचा आणि वाळूच्या पैशातून धरण उभारायचं, अशी ती कल्पना होती. पाणी मिळेल ते जमिनीच्या प्रमाणात न वाटता सगळ्या कुटुंबांना सारखं द्यायचं, भूमिहीनांनाही द्यायचं, हा विचार तिथून पुढे आटपाडीपर्यंत गेला.

इंदुताई या बैठकांना चहा पाठवणाऱ्या ज्येष्ठ बाई म्हणून राहिल्या नाहीत. श्रमिक मुक्ती दलाच्या आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीच्या त्या आघाडीच्या कार्यकर्त्या होत्या. शेतमजूर बायकांना संघटित करण्याचं काम त्या करत होत्या.

परित्यक्तांचा प्रश्न

१९८० च्या दशकाच्या अखेरीस स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीने जो विषय हातात घेतला तो त्या भागात घरोघरी होता आणि तरी कुणी बोलत नव्हतं. नवऱ्याने टाकलेल्या बायका.

टाकलेल्या बाईची अडचण कागदापासून सुरू व्हायची. रेशनकार्ड नवऱ्याच्या नावावर. माहेरी आली तर भावाच्या कार्डावर उपरी. घर ना सासरी ना माहेरी. पोटगी मागायची तर फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली कोर्टात जायचं आणि तिथे महिन्याला जास्तीत जास्त ५०० रुपये मिळण्याची मर्यादा. ही मर्यादा २००१ च्या दुरुस्तीने उठली. तोवर कोर्टाच्या खेपांनाच त्याहून जास्त पैसे लागायचे.

म्हणून मागण्या अगदी रोजच्या जगण्याच्या होत्या. बाईच्या स्वतःच्या नावाचं रेशनकार्ड, राहायला जागा, हाताला काम, पोटगी. 'परित्यक्ता' हा शब्द शरमेचा न राहता हक्क मागणाऱ्या गटाचं नाव झाला, हे या लढ्याचं मोठं यश. आज २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर घरातली सर्वांत मोठी सज्ञान बाईच कुटुंबप्रमुख मानली जाते. तरुण पिढीला ते साहजिक वाटतं. पण 'बाईच्या नावावर कार्ड द्या' म्हणत तहसील कचेरीसमोर बसलेल्या बायकांना त्या काळी लोक हसले होते.

ज्या बाईने सत्तावीसच्या आसपास नवरा गमावला आणि पुढचं आयुष्य स्वतःच्या हिमतीवर काढलं, तिला या बायकांचं दुःख समजावून सांगावं लागलं नसणार.

अमेरिकेतून आलेली सून

या घराची आणखी एक ओळख म्हणजे गेल ऑम्व्हेट. अमेरिकेतल्या मिनीॲपोलिसमध्ये २ ऑगस्ट १९४१ ला त्यांचा जन्म झाला. महात्मा फुले आणि सत्यशोधक चळवळीवर संशोधन करायला त्या महाराष्ट्रात आल्या आणि १९७३ मध्ये बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट मिळवली. भारतातल्या जाती, स्त्रिया आणि शेतकरी चळवळींवर जगभर वाचलं जाणारं लेखन त्यांनी केलं. भारत पाटणकरांशी लग्न करून त्या कासेगावला आल्या, १९८३ मध्ये भारतीय नागरिक झाल्या आणि २५ ऑगस्ट २०२१ ला कासेगावातच त्यांचं निधन झालं.

मोठ्या शहरातलं विद्यापीठ सोडून त्या एका खेड्यात कशा रमल्या, असं कौतुकाने विचारलं जातं. उत्तराचा एक भाग त्या घरात आहे. कित्येक वर्षांपासून बाहेरच्या माणसाला आत घ्यायची सवय असलेलं ते घर होतं. जात विचारायची नाही, गाव विचारायचं नाही, आलेल्याला बसवून घ्यायचं आणि कामाचं बोलायचं, ही प्रतिसरकारच्या काळातली रीत सुनेलाही लागू झाली.

नोंद कुणाची होते?

१९७२ मध्ये, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात, केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना सुरू केली. पुढे तिला सन्मान योजनेचं रूप आलं. तिचे निकष पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. साधारणपणे सहा महिने, बायकांसाठी तीन महिने तुरुंगवास हवा. भूमिगत असल्याचं सांगायचं तर फरारी म्हणून जाहीर झाल्याचा, पकडण्यासाठी बक्षीस लागल्याचा किंवा अटकेचा हुकूम निघाल्याचा कागद हवा.

म्हणजे सरकारी कागदावर ज्याचं नाव आलं तो सैनिक. आता आसरा देणाऱ्या घराचा विचार करा. ते घर जितकं हुशारीने चालवलं, तितका त्याचा कागद कमी. जिच्या घरी भूमिगत कधीच सापडले नाहीत, तिच्या नावावर खटलाही नाही आणि शिक्षाही नाही. काम चोख केल्यामुळेच तिची नोंद झाली नाही.

मादाम रोलां तुरुंगात बसून आपल्या आठवणी लिहू शकल्या, म्हणून त्यांचा दिवाणखाना आज जगाला माहीत आहे. सातारच्या बहुतेक बायकांना लिहिता येत नव्हतं. त्यांच्या आठवणी नातवंडांना सांगितल्या गेल्या आणि तिथेच राहिल्या. इंदुताईंचं नाव टिकलं, कारण त्या १९४६ नंतरही सार्वजनिक कामात राहिल्या, स्वतः बोलत राहिल्या आणि त्यांच्या घरात लिहिणारी माणसंही होती.

१४ जुलै २०१७ ला इंदुताई गेल्या. वय ९१. इंग्रजांचं राज्य, प्रतिसरकार, स्वातंत्र्य, नवऱ्याचा खून, गिरणी संप, पाण्याचे लढे, परित्यक्तांचे मोर्चे एवढं सगळं त्यांनी पाहिलं, आणि त्यातल्या बहुतेक गोष्टींच्या बैठका त्यांच्या घरात झाल्या.

सातारा-सांगलीकडच्या एखाद्या गावात जुन्या घरातल्या म्हाताऱ्या आजी अजून असतील तर त्यांना एकदा विचारून पाहायला हरकत नाही, की बेचाळीसच्या सालात त्यांच्या आईकडे रात्री जेवायला कोण यायचं. त्यांच्या उत्तरात कदाचित असं एखादं नाव निघेल, जे कोणत्याही कागदावर नाही.